वाक्यांचा डेटा वर्डमध्ये: कच्च्या उत्तरांपासून मोजणीपर्यंत

सर्वेक्षणाच्या शेवटी 'आणखी काही सांगायचं आहे का?' असा एक प्रश्न असतो आणि बाकी सगळं मार्गी लागलं तरी विश्लेषण त्याच्यापाशी अडून बसतं. वय, गट, हो-नाही, एक ते पाच गुण हे एक्सेलमध्ये भराभर आवरतं. पण दोनशे जणांनी आपल्या शब्दांत लिहिलेली उत्तरं, कुणाचं तीन शब्दांचं तर कुणाचं पाऊण पानाचं, एक्सेलच्या सेलमध्ये टाकली की ती वाचण्यासारखी राहत नाहीत. एक्सेलमध्ये ओळीची उंची ४०९ पॉइंटांपलीकडे वाढत नाही. त्याहून लांब उत्तराचा खालचा भाग पडद्यावर दिसत नाही, छापतानाही कापला जातो. अडचण एवढीच नाही. सेलमधलं वाक्य अधोरेखित करणं, त्यातल्या दोन शब्दांवर टिपण लिहिणं, उत्तर दोन विषयांवर असेल तर ते मधोमध तोडणं ही खरी कामं तिथे फार जिकिरीची होतात.

म्हणून असा डेटा आम्ही वर्डमध्येच हाताळतो. ही काही पळवाट नाही. २००४ मध्ये नॅन्सी ला पेले या संशोधिकेने गुणात्मक विश्लेषणासाठी हीच रीत पद्धतशीर मांडली होती: टेबल, अंकी कोड (उत्तराचा विषय दाखवणारा आकडा), सॉर्ट आणि फाइंड. महागड्या सॉफ्टवेअरशिवाय मुलाखती आणि खुली उत्तरं यांचं नीट विश्लेषण होऊ शकतं. फक्त वर्ड कुठे चुकतं, कुठे गप्प राहतं आणि कुठे आपल्याला चुकीचा आकडा अगदी नीटनेटका छापून देतं, हे आधी माहीत हवं. पुढचं सगळं मायक्रोसॉफ्ट वर्ड धरून लिहिलं आहे.

सुरुवात कच्च्या मजकुरापासून. आलेली सगळी उत्तरं एका फाइलमध्ये एकत्र केल्यावर तिची एक प्रत 'मूळ' नावाने जपून ठेवायची आणि तिला 'फक्त वाचनासाठी' करून टाकायची. शेवटी पडताळणीला हीच प्रत लागते, त्यामुळे तिच्यात एखादी शुद्धलेखनाची चूक दिसली तरी हात लावायचा नाही.

पीडीएफ किंवा ईमेलमधून आलेल्या मजकुरात बहुतेक वेळा प्रत्येक ओळीच्या शेवटी पॅरा तुटलेला असतो. आपल्याला हवा असतो एका उत्तराचा एक पॅरा. फाइंड अँड रिप्लेसमध्ये पॅराचिन्ह शोधायला ^ या चिन्हाला जोडून इंग्रजी छोटा 'पी' लिहायचा, टॅबसाठी 'टी'. लक्षात राहत नसेल तर त्याच खिडकीतल्या 'स्पेशल' बटणाखाली यादी आहे. क्रम असा: आधी 'स्पेस आणि पॅराचिन्ह' शोधून त्या जागी नुसतं पॅराचिन्ह, आणि बदलांची संख्या शून्य येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा. ही पायरी गाळली तर रिकाम्या दिसणाऱ्या ओळीत लपलेली एक स्पेस पुढचा सगळा खेळ बिघडवते. मग लागोपाठची दोन पॅराचिन्हं शोधून त्या जागी मजकुरात कुठेही नसलेली एखादी खूण, समजा @@. मग उरलेल्या प्रत्येक पॅराचिन्हाच्या जागी एक स्पेस. शेवटी @@ च्या जागी पॅराचिन्ह. स्पेसची सफाई झाल्यावर तीन वेळा 'रिप्लेस ऑल' आणि तुटलेली उत्तरं सांधली जातात.

इथे लगेच मोजून घ्यावं. वर्ड काउंटच्या खिडकीत शब्दांबरोबर पॅरांची संख्याही दिसते. फॉर्म २०० असतील तर पॅरा २०० च हवेत. २०१ आले तर कुणीतरी आपल्या उत्तरात मध्ये ओळ सोडली आहे आणि त्याचे दोन तुकडे झाले आहेत. १९८ आले तर दोन ठिकाणी उत्तरं एकमेकांना चिकटली आहेत किंवा दोन फॉर्म कोरे होते. कोऱ्या फॉर्मलाही 'उत्तर नाही' असं लिहून पॅरा द्यायचाच, नाहीतर पुढे टक्केवारीचा पाया डळमळतो.

आता अनुक्रमांक. हे वरवर किरकोळ वाटतं आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. वर्डचे आपोआप पडणारे क्रमांक हे मजकुराचा भाग नसतात. ते जागेला चिकटलेले असतात, उत्तराला नाही. टेबल सॉर्ट केलं की उत्तरं खालीवर होतात आणि क्रमांक मात्र पुन्हा १, २, ३ असेच राहतात. म्हणजे १४ नंबरचं उत्तर आता ८७ वर गेलं असेल तर ते मुळात १४ होतं हे कळायला कुठलाही मार्ग उरत नाही. उपाय साधा आहे. सगळ्या पॅरांना आपोआप क्रमांक द्यायचे आणि फाइल 'प्लेन टेक्स्ट' म्हणून सेव्ह करायची. सेव्ह करताना क्रमांक खऱ्या अक्षरांत उतरतात आणि क्रमांकानंतर टॅबही येतो, जो आपल्याला पुढे हवाच असतो. मात्र सेव्ह करताना एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीची, जी खिडकी उघडते तिथे 'विंडोज डिफॉल्ट' तसंच ठेवून पुढे जायचं नाही. 'अदर एन्कोडिंग' घेऊन यादीतून युनिकोड, यूटीएफ-८ निवडायचं. नमुन्यात मराठी अक्षरं लाल दिसत असतील तर ती टिकणार नाहीत असा त्याचा अर्थ. तशीच फाइल सेव्ह केली तर सगळ्या मजकुराची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती परत अक्षरं होत नाहीत.

टेक्स्ट फाइल पुन्हा वर्डमध्ये उघडून फॉर्मचा क्रमांक, उत्तर आणि गट यांच्यामध्ये टॅब घालायचे. कॉमा चालणार नाही, कारण लोक उत्तरात कॉमा वापरतात. मजकूर निवडून 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल' केलं की वर्ड स्वतःच कॉलमची संख्या सुचवतं. या आकड्याकडे नीट बघायचं. आपल्या हिशेबाने चार कॉलम हवेत आणि तिथे पाच दिसत असतील तर कुठल्यातरी उत्तरात एक चोरटा टॅब आहे. तो शोधायला आम्ही पाच कॉलमचंच टेबल होऊ देतो आणि पाचव्या कॉलमवर उतरत्या क्रमाने सॉर्ट करतो. ज्या ओळींत पाचव्या कॉलममध्ये काही आहे त्या सगळ्या वर येतात. तेवढ्या हाताने दुरुस्त केल्या की तो कॉलम काढून टाकता येतो.

टेबलची मांडणी आमच्याकडे अशी ठरलेली आहे: अनुक्रमांक, फॉर्म क्रमांक, उत्तर, कोड, गट. कोड आणि गट शेजारी-शेजारी का, ते मोजणीच्या वेळी कळेल. टेबल तयार झालं की पहिल्यांदा 'मजकुराप्रमाणे आपोआप आकार बदला' ही सोय बंद करून कॉलमची रुंदी पक्की करावी. ती चालू असली की एकेका शब्दागणिक वर्ड अख्ख्या टेबलची मापं पुन्हा काढत बसतं आणि शे-दोनशे ओळींनंतर टायपिंग रखडायला लागतं. वरची ओळ हेडर म्हणून प्रत्येक पानावर येईल असं करावं. काम करताना 'ड्राफ्ट' व्ह्यू ठेवला तर आणखी हलकं जातं. आणि काहीही झालं तरी सेल मर्ज करायचे नाहीत. दिसायला छान दिसतात, पण मर्ज केलेल्या टेबलचं सॉर्टिंग अडतं आणि फॉर्म्युल्यातले सेलचे पत्तेही घसरतात.

मग कोडिंग, म्हणजे प्रत्यक्ष विश्लेषण. प्रत्येक उत्तर वाचायचं, ते कशाबद्दल आहे ते ठरवायचं आणि कोडच्या कॉलममध्ये अंक लिहायचा. कोड सगळे सारख्या लांबीचे हवेत: ११०, १२०, १३०, आणि पोटविषय आले तर १२१, १२२. मध्ये जागा सोडलेली असते म्हणून नवा विषय सापडला तरी जुने कोड हलवावे लागत नाहीत. लांबी सारखी ठेवण्याचं कारण सॉर्टमध्ये आहे: मजकूर म्हणून सॉर्ट केलं की १, १०, १००, २ असा क्रम लागतो. शिवाय 'कोड १२' शोधायला गेलं की १२० आणि १२१ ही सापडतात. प्रत्येक कोडच्या आधी # लावायचा, कारण नुसता १२० हा आकडा एखाद्याच्या उत्तरातही असू शकतो. आणि कोड, क्रमांक, मोजणी हे सगळे आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करायचे. वाचायला १२० दोन्ही लिप्यांत एकच असला तरी फाइंडला ती दोन वेगळी अक्षरं असतात. वाइल्डकार्डमध्ये, म्हणजे नेमक्या अक्षरांऐवजी नमुन्याने शोधण्याच्या सोयीत, चौकोनी कंसात इंग्रजी शून्य ते नऊ लिहिलं की फक्त इंग्रजी अंकच पकडले जातात, देवनागरी अंक निसटतात.

कोडची यादी त्याच फाइलच्या सुरुवातीला वेगळ्या टेबलमध्ये ठेवतो. कोड, विषयाचं नाव, आणि सगळ्यात मोलाचे दोन कॉलम: 'यात काय येतं' आणि 'यात काय येत नाही'. समजा १२० हा 'वाट बघावी लागते' असा विषय आहे. 'रांगेत दोन तास गेले' हे १२० मध्ये. 'तारीखच उशिरा मिळाली' हे १२० की १३०? हे एकदा ठरवून 'येत नाही' या कॉलममध्ये लिहिलं नाही तर चाळिसाव्या उत्तराला आपण एक ठरवतो आणि दीडशेव्याला दुसरंच. अशी चूक कुठलंही सॉफ्टवेअर दाखवून देत नाही. ती फक्त या कॉलममुळे टळते.

एकाच उत्तरात दोन विषय असतील तर ती ओळ कॉपी करून खाली पेस्ट करायची, फॉर्म क्रमांक तोच ठेवायचा, अनुक्रमांकाला '-ख' जोडायचा आणि दुसरा कोड द्यायचा. दोन्ही ओळींत पूर्ण उत्तर राहू द्यावं. ज्या वाक्यासाठी तो कोड दिला तेवढं वाक्य हायलाइट करावं. पूर्ण उत्तर ठेवण्याचा फायदा असा, की सॉर्ट केल्यावर वाक्य संदर्भातून तुटत नाही. तोटा असा, की आता टेबलमध्ये २०० नाही, समजा २४८ ओळी आहेत. ओळी म्हणजे उल्लेख, माणसं नव्हेत. हे टेबलच्या वरच लिहून ठेवावं.

कोडिंग संपलं की सॉर्ट. वर्डच्या सॉर्टमध्ये एका वेळी तीनच पातळ्या मिळतात आणि आपल्याला तीनच लागतात: आधी कोड, मग गट, मग अनुक्रमांक. कोडला # लावलेला असल्यामुळे प्रकार 'टेक्स्ट'. अनुक्रमांकाला एरवी 'नंबर' घेतला असता, पण '-ख' जोडलेल्या ओळींमुळे तिथेही 'टेक्स्ट'च घ्यावा लागतो, म्हणून अनुक्रमांक ००१, ००२ असे तीन अंकी हवेत. 'हेडर रो' ची खूण केली नाही तर शीर्षकाची ओळ उत्तरांमध्ये जाऊन बसते. एका कोडखालची साठ उत्तरं एकाखाली एक वाचायला मिळतात तो क्षण या सगळ्या खटाटोपाचं फळ. कोड चुकला असेल तर तोही इथेच दिसतो. साठ वाक्यांच्या ओळीत तीन वाक्यं वेगळ्याच सुरात बोलत असतात, ती बाहेर काढायची. हे वाचन आम्ही नेहमी कागदावर करतो, पडद्यावर नाही.

एखादा कोड बदलायचा असेल तर फक्त कोडचा कॉलम निवडून 'रिप्लेस ऑल' करायचं. वर्ड तेवढ्या भागात बदल करून विचारतं, उरलेल्या डॉक्युमेंटमध्ये शोधू का? उत्तर 'नाही'. सवयीने 'हो' दाबलं की कोडच्या यादीतलाही कोड बदलतो, आणि ते लक्षात यायला बराच वेळ जातो.

आता मोजणी. एक कोड किती वेळा आला हे वर्डला विचारायची युक्ती अशी: फक्त कोडचा कॉलम निवडून फाइंडमध्ये #१२०, रिप्लेसमध्ये ^& आणि 'रिप्लेस ऑल'. ^& म्हणजे 'जे सापडलं तेच', त्यामुळे मजकूर जसाच्या तसा राहतो आणि वर्ड किती जागी बदल केला तो आकडा सांगतं. तोच आपला आकडा. त्याआधी ट्रॅक चेंजेस बंद असल्याची खात्री करावी, नाहीतर प्रत्येक कोड खोडलेला आणि पुन्हा लिहिलेला असा दोनदा दिसू लागतो.

गटवार मोजणी हवी असेल तर एक अडचण येते: फाइंडला दोन सेलमधली भिंत ओलांडता येत नाही. 'कोड १२० आणि गट अ' असं टेबलात शोधता येत नाही. म्हणून टेबलची प्रत काढून ती 'कन्व्हर्ट टू टेक्स्ट' ने टॅब घालून मजकुरात बदलायची. कोड आणि गट शेजारी ठेवले होते ते याचसाठी. आता #१२०, टॅबचिन्ह आणि 'अ' असा सलग शोध लागतो. पाच कोड आणि तीन गट असतील तर पंधरा शोध, एवढं हाताने होतं. त्यापुढे हट्ट करू नये, तिथून पुढचं काम एक्सेलच्या पिव्हट टेबलचं, म्हणजे आपोआप गटवार मोजणी करणाऱ्या सोयीचं, आहे.

कोडऐवजी थेट शब्द मोजायचे असतील तर मराठी मजकुरात फार सांभाळावं लागतं. 'रस्ता' शोधला की 'रस्ता' आणि 'रस्ताच' सापडतात, 'रस्ते' आणि 'रस्त्यावर' नाही, कारण विभक्ती लागली की शब्दाचं सामान्यरूप बदलतं. म्हणून 'रस्ता', 'रस्ते', 'रस्त्या', 'रस्त्यां' हे चारही नव्हे तर पहिले तीनच शोध वेगवेगळे करून बेरीज करायची, कारण 'रस्त्यांवर' हा 'रस्त्या'च्या शोधात येतोच आणि दोनदा मोजला जातो. उलट 'वेळ' शोधला तर 'वेळापत्रक'ही आत येतं. ते वेगळं मोजून वजा करावं लागतं.

याहून फसवी गोष्ट म्हणजे दिसायला एकच असलेली पण आतून वेगळी अक्षरं. 'ॲप' मधला ॲ एका कळीने टाइप झालेलं स्वतंत्र अक्षर असू शकतो, किंवा 'अ' वर चंद्र देऊन केलेला 'अॅ' असू शकतो. तीच गत 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' यांची: एकात ऱ हे वेगळं अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. दोनशे माणसांनी वेगवेगळ्या फोनवरून आणि कीबोर्डवरून टाइप केलेल्या मजकुरात ही दोन्ही रूपं सर्रास मिसळलेली असतात आणि फाइंड त्यातलं एकच दाखवतो. शंका आली तर अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबायचं. अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक दिसतो. स्वतंत्र ॲ असेल तर ०९७२, चंद्र वेगळा असेल तर ०९४५. पुन्हा ऑल्ट आणि एक्स दाबलं की अक्षर परत येतं. मोजणीच्या आधी एक रूप ठरवून दुसऱ्याच्या जागी ते घालून घ्यावं, पण कामाच्या प्रतीत, 'मूळ' प्रतीत नाही.

कधी नुसत्या उत्तरांची किंवा फॉर्म क्रमांकांची पुनरावृत्ती काढायची असते. उदाहरणार्थ, एका कोडखाली प्रत्यक्ष माणसं किती हे मोजताना. यासाठी वाइल्डकार्डचा एक नुस्खा सगळीकडे सांगितला जातो: यादी सॉर्ट करून फाइंडमध्ये (*^१३)\१@ आणि रिप्लेसमध्ये \१, आकडे अर्थातच इंग्रजी. यात ^१३ म्हणजे पॅराचिन्ह. वाइल्डकार्ड चालू असताना फाइंडमध्ये नेहमीचं 'पी' वालं चिन्ह चालत नाही म्हणून हे वापरावं लागतं. नुस्खा बरोबर आहे, पण अर्धा. क्रमांक मजकूर म्हणून सॉर्ट केले की ११२ आणि त्याखाली १२ अशा ओळी येऊ शकतात. शोध ओळीच्या सुरुवातीपासूनच लागेल असं कुठेही सांगितलेलं नाही, त्यामुळे वर्डला ११२ च्या शेवटचा '१२ आणि पॅराचिन्ह' दिसतो, लगेच खाली पुन्हा '१२ आणि पॅराचिन्ह' दिसतो, आणि पुनरावृत्ती समजून ते खालची १२ ही ओळ पुसून टाकतं. फॉर्म क्रमांक १२ यादीतून नाहीसा होतो आणि कुठलीही सूचना येत नाही. शब्दांच्या यादीत 'काळी शाई' आणि त्याखाली 'शाई' असेल तरी तेच होतं. म्हणून आधी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक खूण घालायची, समजा %, आणि शोध (%*^१३)\१@ असा करायचा. आता तुलना पूर्ण ओळीचीच होते. खूण नंतर काढून टाकावी.

सारांशाचं छोटं टेबल वर्डमध्येच करता येतं. समजा पाच कोडांचे उल्लेख ८६, ६१, ४७, ३३, २१ आहेत. खालच्या सेलमध्ये 'फॉर्म्युला' उघडला की वर्ड 'वरच्या सगळ्यांची बेरीज' असं सुचवतं आणि २४८ दाखवतं. पण कॉलमच्या डोक्यावर शीर्षक म्हणून नुसतं '२०२४' असं वर्ष लिहिलं असेल तर तेही बेरजेत जातं आणि उत्तर येतं २२७२. तसंच मधला एखादा सेल रिकामा असेल तर बेरीज तिथे अडखळू शकते, म्हणून रिकाम्या जागी शून्य लिहावं. आम्ही 'वरच्या सगळ्यांची' हा प्रकार वापरतच नाही. बी२ पासून बी६ पर्यंत असा पत्ता लिहितो.

हा पत्ता मात्र एक्सेलसारखा जिवंत नसतो. मध्ये नवी ओळ घातली की एक्सेल पत्ता स्वतः सुधारतं, वर्ड सुधारत नाही. फॉर्म्युला खाली कॉपी केला तरी बी२ चा बी३ होत नाही, प्रत्येक ओळीत हाताने बदलावा लागतो. आणि वरचा आकडा दुरुस्त केला तरी बेरीज जुनीच राहते. सगळं निवडून एफ९ दाबेपर्यंत वर्ड नवा हिशेब करत नाही. छापण्याआधी कंट्रोल-ए आणि एफ९ ही सवय बोटांत मुरवून घ्यावी. टक्केवारीतही एक खाच आहे: नंबर फॉरमॅटमध्ये % दिलं की एक्सेल शंभराने गुणतं, वर्ड नुसतं चिन्ह चिकटवतं. म्हणून सूत्रातच भागून शंभराने गुणायचं. ८६ पैकी प्रत्येक उल्लेख वेगळ्या माणसाचा असेल तर २०० माणसांच्या मानाने ४३ टक्के. याच रीतीने बाकीचे ३०.५, २३.५, १६.५ आणि १०.५. यांची बेरीज १२४ येते आणि ती बरोबर आहे, कारण काहींनी दोन विषय मांडले आहेत. टेबलखाली हे एका वाक्यात लिहिलं नाही तर वाचणारा ते चूक समजतो. दहापेक्षा जास्त ओळींचं किंवा वारंवार बदलणारं सारांश-टेबल वर्डमध्ये करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

दोघांनी स्वतंत्रपणे कोडिंग केलं असेल तर मात्र वर्ड फार उपयोगी पडतं. दोन्ही फाइली अनुक्रमांकाने सॉर्ट करून 'कंपेअर' ला द्यायच्या. उत्तरांचा मजकूर सारखाच असल्यामुळे फक्त कोडच्या कॉलममधले फरक रंगीत दिसतात. ही तुलना ओळी दुप्पट करण्याआधी, एका उत्तराला एक मुख्य कोड असतानाच करावी. २०० पैकी २६ ठिकाणी फरक आला तर सहमती ८७ टक्के. योगायोगाने जुळलेले कोड वगळून सहमती मोजायची असेल तर जेकब कोहेन यांचा १९६० चा 'कप्पा' (kappa) हा सहमतीचा आकडा काढावा लागतो, आणि तो एक्सेलमध्ये काढावा. पण त्या २६ ओळींवर समोरासमोर बसून बोलणं हे कप्प्याच्या आकड्याहून कितीतरी मोलाचं असतं. 'येत नाही' या कॉलममधल्या निम्म्या नोंदी याच बैठकीत लिहिल्या जातात.

टेबल एक्सेलमध्ये न्यायची वेळ आली की दोन गोष्टी आधी कराव्यात. एखाद्या सेलमध्ये उत्तराचे दोन पॅरा राहिले असतील तर एक्सेलमध्ये पेस्ट करताना ते दोन ओळींत फुटतात आणि त्यापुढचं सगळं टेबल वाकडं होतं. म्हणून टेबलच्या आतली पॅराचिन्हं काढून तिथे | अशी खूण घालायची. दुसरं, एक्सेलमध्ये आधी रिकामे कॉलम निवडून त्यांचा प्रकार 'टेक्स्ट' करायचा आणि पेस्ट करताना 'मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग' घ्यायचं. नाहीतर ००१२ चा १२ होतो, '३-५' ची तारीख होते, आणि सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल आकड्याचे पंधराच अंक धरून ठेवतं. तारखांचा हा प्रकार इतका त्रासदायक आहे की २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने मार्च आणि सप्टेंबर महिन्यांसारखी दिसणारी काही जनुकांची नावंच बदलून टाकली. वर्डचा एक मोठा गुण इथे कळतो: पेस्ट केलेला मजकूर ते आकडा किंवा तारीख समजून बदलत नाही.

काम संपताना शेवटची पडताळणी. टेबल पुन्हा अनुक्रमांकाने सॉर्ट करायचं, '-ख' लागलेल्या ओळी प्रतीतून काढायच्या, फक्त उत्तरांचा कॉलम ठेवून तो मजकुरात बदलायचा आणि 'मूळ' प्रतीशी 'कंपेअर' करायचा. पॅरा जोडताना बदललेल्या स्पेस आणि ओळींचे तुकडे दिसतील, तसंच आपण एकसारखी करून घेतलेली ॲ-सारखी अक्षरंही दिसतील. ते अपेक्षित आहे. याखेरीज एखादा शब्द बदललेला दिसला तर तो जवळपास नेहमी कोडच्या कॉलमसाठी केलेल्या आणि चुकून सगळीकडे लागू झालेल्या 'रिप्लेस ऑल' चा असतो. तसं दिसलं की त्या उत्तराचा मजकूर 'मूळ' मधून परत आणायचा आणि त्या कोडची मोजणी पुन्हा करायची.